बुरशीचं मखर

मुलुंड पूर्वेला सकाळी साडेसातला दाराची बेल वाजली, तर बाहेर दूधवाला असतो, नाहीतर कचरा न्यायला आलेली बाई. आमच्याकडे या दोघांच्या आधी धुरीकाका असतात. एका हातात झाकणाची बालदी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न: "आज काय टाकतंस?"

शेजारी साखर मागतात, शिडी मागतात, वायफायचा पासवर्ड मागतात. हा माणूस कचरा मागतो. तोही सरसकट नाही, निवडून. अंड्यांची टरफलं हवीत, कांद्याची सालं नकोत. चहाचा चोथा चालतो, पण आलं घातलेला नाही. एकदा माधवीने, म्हणजे माझ्या बायकोने, भेंडीची देठं पुढे केली, तर काकांनी एक देठ चिमटीत धरून उजेडाकडे नेलं, फिरवून फिरवून बघितलं आणि "नको" म्हणून तिच्या हातात परत ठेवलं. आपल्या घरचा कचरा नापास होऊन परत येणं हा काय अपमान असतो, तो भोगल्याशिवाय कळायचा नाही. ती दोन दिवस भेंडीवाल्याशी भांडत होती.

या रोजच्या तपासणीमुळे बी विंगमधल्या प्रत्येक घराची कुंडली काकांकडे आहे. संकष्टीला कोंबडी कुणाकडे शिजते, "आमच्याकडे बाहेरचं येतच नाही" असं सांगणारे पिझ्झाचे खोके वर्तमानपत्रात गुंडाळून कसे टाकतात, सगळं त्यांना ठाऊक. ते कधी कुणाला सांगत नाहीत, हे खरं. पण माझ्या बाबतीत एकदा सांगितलं. गेल्या वर्षी मी वजन उतरवायला घेतलं होतं. रोज सकाळी दुधीचा रस पीत होतो आणि वजन तसूभर हलत नव्हतं, म्हणून माधवी मला थायरॉइडची तपासणी करायला घेऊन निघाली होती. जिन्यात काका भेटले. कुठे निघालात ते विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तपासणी कसली करतंस? तुझ्या कचऱ्यात रोज शेवेची दोन पाकिटां आसतत."

हे त्यांनी कुत्सितपणे म्हटलं नाही. नुसती माहिती दिली. तपासणीचे पैसे वाचले. बाकी माझं काहीच वाचलं नाही.

धुरीकाका मूळचे मालवणकडचे. भांडुपच्या एका खोक्यांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं. काम काय, तर तयार झालेलं पुठ्ठ्याचं खोकं डोक्याएवढ्या उंचीवरून खाली टाकायचं आणि फुटतं का ते बघायचं. तीस-पस्तीस वर्षं ज्याने दिवसभर खोकी पाडली, त्याला निवृत्तीनंतर नुसतं बसवेल कसं? काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मग एखाद्याने देव धरला असता, एखाद्याने बागेतला कट्टा. काकांनी विज्ञान धरलं.

स्वतः शोध लावला असता तर आम्ही माफ केलं असतं. ते दुसऱ्यांचे शोध वाचतात. मोबाइलवर, भिंग लावून. जगाच्या पाठीवर कुठल्याही विद्यापीठात कुणी केळीच्या सालीचं कापड केलं, शेवाळापासून इंधन काढलं, जंतूंकडून रेशीम विणून घेतलं किंवा संगणकाला शेअरबाजार शिकवला, की ती बातमी मुलुंडला पहिल्यांदा आमच्या जिन्यात फुटते. शास्त्रज्ञ आपल्या कामाबद्दल जो निबंध छापतात त्याला पेपर म्हणतात, आणि काकांच्या बोलण्यात दर तिसरं वाक्य असतं, "त्याच्यार पेपर आसा." सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणा, त्याच्यार पेपर आसा. लिफ्ट बंद पडली म्हणा, त्याच्यार पेपर आसा. लिफ्ट मात्र बंदच असते.

आता यातली ग्यानबाची मेख अशी, की हे पेपर पूर्ण वाचायचे तर पैसे भरावे लागतात. फुकट दिसतो तो वरचा एक परिच्छेद. त्यात अमुक अडचण होती आणि ती आम्ही सोडवली, एवढंच असतं. कशी सोडवली, ते पैसे भरणाऱ्यांसाठी. म्हणजे काकांनी जगातलं झाडून सगळं विज्ञान पहिल्या परिच्छेदापर्यंत वाचलेलं आहे. मधला भाग ते मनाने घालतात आणि गच्चीवर करून बघतात.

गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली एक बुटकी खोली आहे. पाण्याचा पंप वेळच्या वेळी चालू-बंद करायचा, या बोलीवर सोसायटीने ती काकांना वापरायला दिली होती. आत एक टेबल, एक शेगडी, ड्रम, बरण्या, आणि अख्ख्या बी विंगचा निवडक कचरा.

तिथे एकदा कोळंबीच्या टरफलांपासून प्लास्टिकसारखा पापुद्रा करायचं चाललं होतं. त्यावर अर्थातच पेपर होता. दोन महिने दर रविवारी काकांनी घरोघरची टरफलं गोळा केली आणि कसल्याशा खारात उकळली. चौथ्या मजल्यावरच्या शहांनी आयुष्यात मासा हातात धरलेला नाही, पण त्या दिवसांत त्यांच्याकडे पाहुणे आले की जेवायला थांबायचं नाव घेत नसत. शेवटी निघाला तो पोस्टाच्या तिकिटाएवढा एक पारदर्शक तुकडा. काका तो तळहातावर घेऊन दारोदार दाखवत फिरले. मी विचारलं, "काका, यात काय बांधता येईल?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. "वेलची," म्हणाले. "एक."

मग मातीतल्या जंतूंपासून वीज. चार कुंड्या, त्यात खोचलेल्या तारा आणि टोकाला मोहरीएवढा दिवा. लागला, लागला म्हणून मला वर बोलावलं. लागलाय की नाही ते दिसेना, म्हणून मी मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. काका भडकले. "मेल्या, टॉर्च बंद कर, तो दिसाचो कसो?" मी टॉर्च बंद केला. मला तेव्हाही दिसला नाही. त्यांना दिसला.

हसण्यासारखं आहे, आणि मी सगळीकडे सांगून भरपूर हशा मिळवलाही आहे. फक्त शेअरबाजाराची गोष्ट सांगताना माझा आवाज थोडा खाली येतो. संगणक म्हणे हजारो बातम्या वाचून लोकांचा मूड ओळखतो आणि त्यावरून बाजाराची दिशा सांगतो, असं काकांनी कुठेतरी वाचलं, अर्थात पहिल्या परिच्छेदापर्यंत. हजारो बातम्या कोण वाचत बसणार? काकांनी ठरवलं, मूड कचऱ्यात दिसतो. बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे वाढले म्हणजे लोकांचा हात सैल, म्हणजे बाजार वर. त्यांनी स्वतः कधी एक शेअर घेतला नाही. घेतले मी. सलग तीन आठवडे डबे वाढत होते, आणि बी विंगच्या कचऱ्यावर विश्वास ठेवून एक विमा कंपनीतला शिकलासवरलेला अधिकारी शेअर घेत सुटला होता. बाजार आपटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या तीन आठवड्यांत आमच्या विंगची गॅसची पाइपलाइन दुरुस्तीसाठी बंद होती.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ह्या पेपरात घालूक व्हया."

असं सगळं बरं चाललेलं असताना आमचे सेक्रेटरी कर्णिक यांना गच्चीवरच्या त्या खोलीत जिम दिसली. कर्णिक बँकेतून निवृत्त झालेले. सूचनाफलकावर रोज काहीतरी लावल्याशिवाय त्यांना अन्न जात नाही. आमच्या इमारतीत लिफ्ट बंद असली की पहिल्या मजल्यावरचे लोकही ऑफिसला दांडी मारतात. अशा मंडळींना व्यायामासाठी गच्चीवर चढायचं होतं. जिमचा विषय गणपतीनंतरच्या वार्षिक सभेत ठेवायचं ठरलं.

काका मला घेऊन कर्णिकांकडे गेले. मला का, तर माझी भाषा शुद्ध म्हणून. मी तिथे शुद्ध भाषेत चहा प्यालो, बोलले काकाच. ते म्हणाले, सोसायटीच्या गणपतीला थर्माकोल चालत नाही, दरवर्षी कापडाचं तेच ते मखर निघतं. यंदा मी नवीन करून देतो. उसाच्या चिपाडांवर बुरशी वाढवून थर्माकोलसारखं हलकं, पांढरंशुभ्र, आणि विसर्जनानंतर कुस्करून झाडांना घाला.

बुरशी म्हटल्यावर कर्णिकांनी चहाचा कप खाली ठेवला. पण ते बँकेतले. त्यांना सौदा दिसला. "असं करा धुरी," ते म्हणाले, "पाच दिवस मखर नीट उभं राहिलं, तर खोली तुमची. मी परत विषय काढणार नाही. नाही राहिलं, तर सभेत ठराव येणार, आणि मग माझ्याकडे येऊ नका."

काका "बरा" म्हणाले. खाली उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. खोली गेली तर हा माणूस दिवसभर कुठे बसणार, हे माझ्या लक्षात यायला हरकत नव्हती. त्यांचं घर एका खोलीचं, खिडकी शेजारच्या विंगच्या भिंतीवर उघडणारी. पण मी तेव्हा कर्णिकांची नक्कल ऑफिसात कशी करायची याच्या विचारात होतो.

या वेळी मात्र काकांकडे मधला भाग होता. पेपरच्या खाली लेखकाचा ईमेल दिलेला असतो. तो छापण्याची एक रीत असते, इतकंच. काकांचं म्हणणं वेगळं. "पत्तो दिल्यानी म्हणजे लिवा म्हणतत. नाय लिवला तर बरा दिसाचा नाय." म्हणून ते सगळ्यांना लिहितात. बहुतेक जण उत्तर देत नाहीत. कुठल्याशा थंड देशातली एक बाई देते. बुरशी हाच तिचा विषय. तिने अख्खा पेपर पाठवला होता, वर पायरी-पायरीने कृती.

काकांनी रसवंतीतून चिपाडं आणली, ड्रममध्ये उकळली, अळंबीचं बियाणं कालवलं आणि मिठाईचे डबे, बालद्या, आमच्या घरचं केकचं भांडं, मिळेल त्या साच्यात भरून टाकीखालच्या काळोखात ठेवलं. दहा-बारा दिवसांनी मला बघायला बोलावलं. मी टोमणा तयार ठेवून गेलो होतो, तो तसाच परत आणावा लागला. चिपाडं दिसतच नव्हती. पांढऱ्या मखमलीचे बावीस ठोकळे. कमानीचे तुकडे, खांब, वरचं कमळ. हातात घेतलं तर उबदार लागत होतं.

"आता ता जिता आसा," काका म्हणाले. "भट्टीत भाजला की मरतला. नाय भाजला तर वाढत रवतला."

आणि नेमका तेव्हाच त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा नंबर लागला. गणपतीला पाच दिवस राहिलेले. डॉक्टरांनी धग आणि धूर वर्ज्य सांगितला. तेव्हा भाजायचं काम माझ्यावर आलं. स्टेशनजवळच्या बेकरीत दुपारचे पाव निघाले की उरलेल्या धगीत चार तास ठेवायचं. चार म्हणजे चार. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

मी दोन खेपा रिक्षाने करून बावीस ठोकळे बेकरीत नेले. बेकरीवाला म्हणाला, आज खारीची मोठी ऑर्डर आहे, उद्या दोन वाजता या. मी ते सगळं परत दोन खेपांनी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता क्रिकेटची मॅच होती. आता तुम्हीच सांगा. म्हणजे सांगू नका, मला माहीत आहे. पण त्या दिवशी पाऊस उघडून असं कडक ऊन पडलं होतं की गच्चीवर पाय ठरत नव्हता, आणि काका डोळ्याला पट्टी बांधून घरात पडलेले. मी ठोकळे गच्चीवर मांडले आणि मॅच बघितली. संध्याकाळी बोटाने ठोकून बघितले, टकटक वाजत होते. ऊन काय आणि भट्टी काय, शेवटी उष्णताच, असा एक शास्त्रीय विचारही मी केला.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान आळशी ठरलो असतो. पण मला पूर्णत्वाची हौस. ठोकळ्यांना भट्टीचा वास यावा म्हणून मी कोपऱ्यावरून गरम लादीपाव आणला, ठोकळे एका चादरीत गुंडाळले आणि पाव मधोमध ठेवून तासभर मुरू दिला. मग पाव काढून चहाबरोबर खाल्ला आणि ठोकळे काकांकडे पोचवले.

काकांनी काळा गॉगल लावलेला होता. एक ठोकळा त्यांनी दोन्ही हातांवर तोलून धरला. मग नाकाशी नेला. "पावाचो वास येता," म्हणाले.

"मग? बेकरीतूनच आणलेत ना," मी म्हणालो.

त्यांनी ठोकळा परत एकदा तोलला. "बरा," म्हणाले आणि ठोकळा खाली ठेवला.

मखर दृष्ट लागण्यासारखं झालं. पांढरीशुभ्र कमान, वर कमळ, मध्ये आमची शाडूची मूर्ती. पहिल्या दिवशी एरवी कुणाचं कौतुक करताना दात दुखणारी माणसं वाकून वाकून बघत होती. कर्णिकांनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, "आपल्या कमिटीचा पर्यावरणपूरक उपक्रम". धुरी हे नाव त्यात नव्हतं. दुसरा दिवस पार पडला. तिसऱ्या दिवशी पाऊस परत सुरू झाला. तळमजल्यावरच्या बंद हॉलमध्ये चाळीस माणसं, आरतीचा घाम, धुपाची वाफ, ओल्या दूर्वांचा ढीग.

चौथ्या दिवशी सकाळी गणपतीच्या डाव्या कानामागून एक छत्री वर आली होती. कमळातून सात. खांबावर तर वस्तीच.

पहिल्यांदा बघितलं ते ए विंगच्या देसाईबाईंनी. त्यांनी हात जोडले आणि सांगितलं की देवाने स्वतःवर छत्र धरलं आहे. तासाभरात शेजारच्या दोन सोसायट्या दर्शनाला आल्या. मग कुणीतरी म्हणालं, अळंबी ही भाजी उपासाला चालते का? दुसऱ्याने विचारलं, ती मुळात भाजी आहे का? एका गृहस्थांनी ती शाकाहारी नाही असं ठामपणे सांगितलं. हे गृहस्थ कोण, तर तेच संकष्टीवाले. वाद रंगत होता तेवढ्यात दुपारच्या आरतीत कर्णिकांना शिंका सुरू झाल्या. आरती संपली तरी शिंका संपेनात. संपल्या तेव्हा त्यांनी मखर उतरवायला सांगितलं. शेवटचा दीड दिवस आमचा गणपती पोपटांचं चित्र असलेल्या चादरीपुढे बसला.

मखर उतरवत असताना काका खाली आले. त्यांनी बोटाने एक अळंबी चाचपली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. अहो, उगवलं होतं ना. मग त्यांना खोलीचं आठवलं असावं. बोट मागे घेऊन ते भिंतीला टेकून उभे राहिले.

मी सांगणार होतो. विसर्जनाच्या दिवशी सांगणार होतो, पण गर्दी होती. त्यानंतर सांगणार होतो, पण त्यांच्या डोळ्याला त्रास नको म्हटलं. सभेत सगळ्यांसमोर सांगायचं, हे मी अगदी पक्कं केलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

कर्णिकांनी विचारलं, "धुरी, तुमचं काही म्हणणं?"

काका उठले. "चूक माझी," ते म्हणाले. "भट्टीक येळ कमी पडलो." आणि बसले.

आता नाही तर कधीच नाही. मी डोळे मिटले आणि हात वर केला. "मला बोलायचंय" हे शब्द जुळवेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले असतील. तेवढ्यात कर्णिकांनी "जिमच्या बाजूने कोण कोण" असं विचारलेलं होतं. डोळे उघडले तर हात मोजून झाले होते. बाकी सगळ्यांचे हात वर जाणार हे ठरलेलंच होतं, धास्ती होती ती एकट्या माझ्या हाताची, असं कर्णिक मला नंतर म्हणाले. माझ्यामुळे ठराव एकमताने झाला.

पुढच्या रविवारी सकाळी मी खोली रिकामी करायला मदत म्हणून वर गेलो. काका बरण्या पुसून एकेक खोक्यात भरत होते. मला बघून रागावले नाहीत, उलट मोबाइल पुढे केला. डोळ्याने अजून बारीक अक्षर दिसत नव्हतं, आणि त्या बुरशीवाल्या बाईला मखराचं काय झालं ते कळवायचं होतं. मी सांगतो तसं इंग्रजीत लिही, म्हणाले.

मी तिचा पत्ता शोधायला जुनी पत्रं वर सरकवली. तीन वर्षांची होती. काकांचं इंग्रजी खोक्यांच्या कारखान्यातल्या तक्रारपत्रांतून आलेलं, पण समजत होतं. सगळीकडे "आम्ही" होतं. आम्ही चिपाडं उकळली. आमच्या गटाला शंका आहे. आमचे शेअरबाजाराचे जाणकार सहकारी असं म्हणतात. हे सहकारी कोण, ते कळायला मला जरा वेळ लागला. तुमच्या गटात कोण कोण आहे, असं त्या बाईने आदराने तीनदा विचारलं होतं. बाकी प्रत्येक प्रश्नाला काकांचं उत्तर होतं, त्याला नव्हतं.

"लिव," काका म्हणाले. "मखर तीन दिवस रवला. मगे अळंबी इली."

मी लिहिलं.

"कारण, भाजूक नाय. उन्हात सुकवला."

माझा अंगठा तसाच राहिला. ते माझ्याकडे बघत नव्हते, एका बरणीचं झाकण फिरवत होते.

"तुम्हाला कधी कळलं?"

"हातात घेतलंय तेव्हाच. भाजलेलो तुकडो इतको जड नसता. आनी त्या दिवशी ऊन कडक होता."

"मग बोलला का नाहीत काका? परत भाजलं असतं."

"गणपती दोन दिवसार होतो. आनी तू इतक्या हौसेन पाव ठेवललंस." झाकण बसलं. त्यांनी दुसरी बरणी घेतली. "माका वाटला, निभावतला पाच दिवस. वाटता कधीकधी."

"पण सभेत तरी..."

"सभेत काय, खोली जावची ती जावची. तुका ह्याच बिल्डिंगीत रवाचा आसा." मग मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाले, "हेच्यात मात्र खोटा चालाचा नाय. ती पुढे कोणाकतरी सांगतली, तो तसाच करतलो. कोणी सुकवला ता लिव. माझे सहकारी, म्हणान लिव."

मी "सहकारी" लिहिलं आणि पुढे माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. विमा कंपनीत वीस वर्षं लोकांचे चुकीचे अर्ज वाचतोय, पण इतका खरा कागद माझ्या हातून पहिल्यांदाच लिहिला जात होता. वाचून दाखवला. नाव आलं तिथे काकांनी मान हलवली, पुढे वाच म्हणून.

शेवटी पत्ता होता. तो प्रत्येक पत्राखाली आपोआप येत असे: प्रयोगशाळा, पाण्याच्या टाकीखाली, मुलुंड पूर्व. मी विचारलं, हा काढायचा का? ते "काढ" म्हणाले. मी काढला. मग म्हणालो, "त्या जागी काय घालू?"

त्यांनी खोक्यात भरलेली एक बरणी परत बाहेर काढली, पुसलेलीच होती, ती पुन्हा पुसली. भिंतीवर पंपाच्या वेळांचा कागद होता, तो काढून घडी घातला. घडी कुठे ठेवायची ते त्यांना सुचेना.

मी माझ्या घराचा नंबर टाकला आणि पुढे लिहिलं, हॉलची बाल्कनी. मोठ्याने वाचलं.

काकांनी घडी खिशात घातली. मग त्यांनी विचारलं, "थय ऊन येता?"

"सकाळी दहापर्यंत."

"मगे बुरशेक चालाचा नाय. पडदो लावूक व्हयो. जाड."

लावू म्हणालो आणि पत्र पाठवून दिलं. पडद्याचं माधवीला अजून सांगितलेलं नाही.